डाव्या हाताने लिहिलेली भीती

"डिटेक्टिव्ह आहे साहेब, वीस रुपये," असं म्हणून फोर्टातल्या फूटपाथवाल्याने पुस्तक हातात ठेवलं, तेव्हा त्याला मुखपृष्ठच नव्हतं. आत कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाचा जांभळा शिक्का, परतीच्या तारखांची चिठ्ठी आणि पहिल्या पानावर इंग्रज रहस्यकथालेखिका मार्जरी ॲलिंगहॅमचं नाव. मला तेवढं पुरेसं होतं. घरी येऊन वाचायला बसलो आणि चाळीसेक पानांनंतर चिडलो. कॅम्पियन कुठे आहे? चष्म्याआडून बावळटासारखा बघणारा आणि सगळं ओळखून असणारा ॲल्बर्ट कॅम्पियन १९२९ पासून बाईंच्या जवळजवळ प्रत्येक रहस्यकादंबरीत हजर असतो. इथे त्याचा पत्ता नाही. एक बाई 'मी'मध्ये बोलते आहे, खेड्यातली डॉक्टर आहे, आणि तिच्याभोवतीचं वातावरण हळूहळू नासत चाललंय. मी पुस्तक मिटून ठेवलं. नायकच नाही तर रहस्यकथा कसली, असं मनात म्हटलं.

ती चूक माझी एकट्याची नव्हती. 'द पेशंट ॲट पीकॉक्स हॉल', 'सेफर दॅन लव्ह', 'वाँटेड: समवन इनोसंट' आणि 'लास्ट ॲक्ट' या ॲलिंगहॅमच्या चार दीर्घकथांची नावं तिचे चाहतेसुद्धा पटकन सांगू शकत नाहीत. शेवटच्या दोन अमेरिकेत १९४९ मध्ये 'डेडली ड्युओ' या नावाने एकत्र निघाल्या, पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्याच 'टेक टू ॲट बेडटाइम' झाल्या. पहिल्या दोन १९५४ च्या 'नो लव्ह लॉस्ट'मध्ये आल्या. ॲलिंगहॅमवर लिहिणारे लोक 'द टायगर इन द स्मोक'वर पानंच्या पानं लिहितात आणि या चौघींना एका ओळीत वाटेला लावतात : मासिकांसाठी लिहिलेल्या, पैशासाठी लिहिलेल्या.

वाद या शेवटच्या दोन शब्दांशी आहे. मागणीवरून, लांबी ठरवून, मानधन ठरवून लिहिलेलं लेखन जन्मतःच हलक्या कुळातलं, हा समज इंग्रजीत आहे तसा आपल्याकडेही आहे. त्यावरून आपण वाचनालयाची कपाटं लावतो, पुरस्कार देतो, अभ्यासक्रम ठरवतो. माझं म्हणणं असं की या चार दीर्घकथांच्या बाबतीत तरी गणित उलटं आहे. बाईंच्या सगळ्यात अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी त्या फर्माईशीनेच काढून घेतल्या.

गंमत म्हणजे ही वर्गवारी टीकाकारांनी करण्याआधी खुद्द ॲलिंगहॅमनेच केली होती. आपलं लेखन दोन प्रकारचं आहे असं ती सांगे : एक उजव्या हाताचं, म्हणजे आतून येणारं, स्वतःसाठीचं, दुसरं डाव्या हाताचं, म्हणजे कोणीतरी मागितलं म्हणून दिलेलं. मराठी माणसाला हे भाषांतर न करताच कळतं. एखादं काम म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असं आपण सहज म्हणून जातो. फक्त बाईंचा डावा हात लहानपणापासून तालमीत तयार झालेला होता. वडील हर्बर्ट ॲलिंगहॅम यांनी उभा जन्म स्वस्त साप्ताहिकांसाठी क्रमशः कथा लिहून घर चालवलं. आईही लिहायची. मावशी मॉड सिनेमाच्या नियतकालिकांची संपादक होती आणि मूकपटांच्या गोष्टी कागदावर उतरवून देण्याचं काम भाचीला देत असे. वयाच्या आठव्या वर्षी मार्जरीला लेखनाचे पहिले पैसे मिळाले. आपल्याकडे कीर्तनकाराच्या घरात पोर झांजा धरून बसतं, तसं या घरात पोर पेन धरून बसायचं. 'पुढील अंकी चालू' ही ओळ कुठे टाकली म्हणजे वाचक आठवडाभर तळमळेल, हे तिथे जेवणाच्या टेबलावर शिकायला मिळत असणार.

मोठेपणी एसेक्समधल्या टॉलशंट डार्सी या गावात ती नवऱ्यासोबत राहायची. नवरा पिप यंगमन कार्टर चित्रकार, तिच्या पुस्तकांची वेष्टनंही त्याने केली. घर मोठं, माणसं पोसायची अनेक, आणि करखात्याशी वर्षानुवर्षं चाललेला वाद. मासिकांचा पैसा लागत होता, यात लपवण्यासारखं काही नाही. पण पैशासाठी लिहिलं म्हणजे पैशापुरतंच लिहिलं, ही उडी कोण मारतं? ज्यांना पगार ठरलेल्या तारखेला मिळतो ते, असा माझा अनुभव आहे.

आता फर्माईशीने नेमकं काय केलं ते बघू. मासिकाला हवी असते शंभरेक पानांची, एकदोन बैठकींत संपणारी गोष्ट. तिथे कॅम्पियन आणायचा म्हणजे त्याच्यासोबत त्याचा नोकर लग, पोलिसातले मित्र, ओळखीपाळखी असं सगळं वऱ्हाड आलं. एवढ्यांना जागा नाही. शिवाय या मासिकांच्या वाचक बहुतांश स्त्रिया, त्यांना गोष्ट बाईच्या तोंडून हवी. म्हणून डिटेक्टिव्ह गेला, आणि तो गेल्याबरोबर गोष्टीची भिंतच कोसळली. कारण सुवर्णकाळातल्या इंग्रजी रहस्यकथेत, म्हणजे साधारण दोन महायुद्धांमधल्या काळातल्या त्या कोडेबाज कादंबऱ्यांत, डिटेक्टिव्हचं खरं काम खुनी पकडणं हे नसतंच. त्याचं काम वाचकाला आश्वासन देणं. तो खोलीत आला की आपल्याला ठाऊक असतं, निरपराध माणसाच्या केसालाही धक्का लागणार नाही. रोनल्ड नॉक्स या पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांत गुप्त वाटा किती असाव्यात इथपर्यंत विचार आहे. ज्याच्यावर खोटा आळ आला त्या माणसाला रात्री झोप लागते का, यावर एक अक्षर नाही. खेळाचे नियम आहेत ते, त्यात प्याद्याच्या मनाचा विचार कशाला असेल?

दीर्घकथेत ॲलिंगहॅमने गोष्ट सांगायचं काम त्या प्याद्यालाच दिलं.

पीकॉक्स हॉलची गोष्ट बघा. ॲन फाउलर ही तरुण डॉक्टर. जॉन लिनेट या डॉक्टरवर तिचं प्रेम होतं, तो फ्रान्सिया फोर्ड नावाच्या सिनेनटीमागे गेला. ॲनने खेड्यात येऊन प्रॅक्टिस सुरू केली, मन मारून का होईना रुळली. आणि एक दिवस जी रोगी तिच्यासमोर येते ती नेमकी हीच नटी. पुढे विषाचा संशय. इथे लेखिकेने एक फार क्रूर गोष्ट साधली आहे. ॲनजवळ जे जे चांगलं आहे ते सगळं तिच्याविरुद्ध साक्ष देऊ लागतं. तिला औषधांची मात्रा कळते, हा पुरावा. रोग्याजवळ तिला एकटीने जाता येतं, तोही पुरावा. कधीकाळी तिने जिवापाड प्रेम केलं होतं, हा तर सगळ्यात मोठा पुरावा. तिची पदवी, तिची बॅग, तिचा भूतकाळ, सगळं सरकारी पक्षाकडे जमा. खुनी कोण, हे वाचक फार आधी ओळखेल, मीही ओळखलं. पण पान उलटताना हात थंड पडतो तो वेगळ्याच प्रश्नाने : हिचं कोणी खरं मानेल का?

'सेफर दॅन लव्ह'मध्ये हाच फास आणखी घट्ट होतो. एलिझाबेथ लेनने एका हेडमास्तरशी लग्न केलंय. आधीच्या प्रेमभंगानंतरचं, सुरक्षित वाटलं म्हणून केलेलं लग्न. नावातच ते आहे. नवरा थंड, गावात मान असलेला. आणि नेमका जुना प्रियकर पुन्हा दिसतो, नेमका नवरा मरतो. विवाहित बाई, पूर्वीचा पुरुष, मेलेला नवरा. एवढं कळल्यावर गावाला आणखी पुरावा कशाला हवा?

हा प्रश्न इंग्लंडमध्ये काल्पनिक नव्हता, म्हणून मला या गोष्टींना 'झोपताना वाचायच्या' म्हणवत नाही. ॲलिंगहॅम अठरा वर्षांची असताना, ऑक्टोबर १९२२ मध्ये, एसेक्समधल्याच इलफर्डला पर्सी थॉम्प्सन नावाच्या माणसाला रस्त्यात भोसकून मारलं गेलं. मारणारा फ्रेडरिक बायवॉटर्स, पर्सीच्या बायकोचा प्रियकर. बायको एडिथ तिथे हजर होती. तिने बायवॉटर्सला लिहिलेली पत्रं कोर्टात वाचली गेली. त्यांत नवऱ्याला काचेची पूड घातल्याच्या बाता होत्या. सुप्रसिद्ध शवचिकित्सक बर्नार्ड स्पिल्सबरींना प्रेतात काच किंवा विष यांचा मागमूस सापडला नाही. एडिथ यात नाही, असं बायवॉटर्स शेवटपर्यंत सांगत राहिला. तरी ९ जानेवारी १९२३ ला दोघांना एकाच वेळी वेगवेगळ्या तुरुंगांत फाशी दिली गेली. एडिथ कशासाठी लटकली, याचं उत्तर त्या देशाने अनेक वर्षं तोंडातल्या तोंडात दिलं : प्रेमपत्रांसाठी.

आणि या दीर्घकथा निघत होत्या ती वर्षं बघा. १९४८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश कॉमन्स सभेने फाशी स्थगित करावी म्हणून मत दिलं आणि लॉर्ड्स सभेने ते फेटाळलं. १९४९ मध्ये मृत्युदंडावर रॉयल कमिशन बसलं, ते १९५३ पर्यंत चाललं. मार्च १९५० मध्ये टिमथी इव्हान्सला आपल्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी झाली. आपल्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जॉन क्रिस्टीने हे केलं, असं तो सांगत होता. (ॲगाथाबाईंशी या क्रिस्टीचा आडनावापलीकडे संबंध नाही.) खटल्यात सरकारतर्फे महत्त्वाचा साक्षीदार हाच क्रिस्टी. तीन वर्षांनी रिलिंग्टन प्लेसच्या त्याच दहा नंबरच्या घरात भिंतीआड आणि फरशीखाली बायकांची प्रेतं सापडली, तेव्हा लोकांना कळलं की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कोण उभा होता. त्याच १९५३ च्या जानेवारीत डेरेक बेंटली या एकोणीस वर्षांच्या मुलाला फाशी दिली होती. गोळी झाडणारा दुसराच होता, पण त्याचं वय फाशीला कमी पडत होतं. बेंटलीची शिक्षा १९९८ मध्ये रद्द झाली. तोपर्यंत ते ऐकायला तो नव्हता, त्याचे आईबापही नव्हते.

ॲलिंगहॅमने या दीर्घकथांत फाशीविरुद्ध प्रचार केला असा माझा दावा नाही. त्यांत भाषण नाही, कमिशनचा उल्लेख शोधायला जाऊ नका. पण ज्या देशात चुकीच्या माणसाला खरोखर टांगलं जात होतं, तिथे ड्रॉइंगरूममध्ये सगळ्यांना गोळा करून खुनी दाखवणारा हुशार गृहस्थ हे स्वप्नरंजन होतं, आणि 'माझ्यावर आळ आलाय, मला वाचवायला कोणी नाही' असं म्हणणारी बाई हे वास्तव होतं. स्वप्नरंजनाला आपण अभिजात म्हटलं आणि वास्तवाला बायकांच्या मासिकातली गोष्ट.

'बायकांच्या' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. त्या काळी अमेरिकेत अशा निवेदिकांची टिंगल करायला एक खास नावच होतं : 'मला तेव्हाच कळलं असतं तर' पंथ. बाई अंधाऱ्या जिन्यावरून वर जाते आणि नंतर म्हणते, मला तेव्हाच कळलं असतं तर! टिंगल थोडी खरीही आहे. पण कॅम्पियनसारखा पुरुष अंधाऱ्या जिन्यावर गेला की ते धाडस, आणि पगारी सोबतीण गेली की मूर्खपणा, हे कसं? तिला त्या जिन्यावरूनच आपल्या खोलीत जायचं असतं. नोकरी आहे तिची.

इतकी वकिली केल्यावर दुसरी बाजूही मांडायला हवी. या चारही गोष्टी सारख्या ताकदीच्या नाहीत. 'लास्ट ॲक्ट' एका उतारवयातल्या नामवंत अभिनेत्रीच्या घरात घडते. तिथे नेपथ्य छान आहे, पण माणसं रंगमंचावरचीच वाटतात आणि भीती पहिल्या रांगेपलीकडे पोचत नाही. शेवट तर सगळीकडेच घाईचे. पुरुषाचा हात आणि लग्नाची शक्यता शेवटच्या पानांवर अशी येते, जणू संपादकाने समासात खूण करून ठेवली होती. ज्या डॉक्टरणीने शंभर पानं एकटीने काढली, तिला अखेरीस कोणाच्या तरी खांद्यावर डोकं टेकवावं लागतं, हे आज वाचताना खटकतं. तेव्हाही काहींना खटकलं असेल. फर्माईशीने डिटेक्टिव्ह काढून घेतला, तशी ही किंमतही वसूल केली. फर्माईशी लेखन म्हणून डोक्यावर घ्या, असं मी म्हणत नाही. हर्बर्ट ॲलिंगहॅमच्या हजारो पानी क्रमशः कथा आज कोणी वाचत नाही, त्यात अन्यायही फारसा झालेला नसेल. माझं मागणं एवढंच आहे की लेखन कुठल्या दारातून आलं ते विचारून त्याला बसायला पाट द्यायचा की नाही ते ठरवू नका.

टीकाकारांनी नेमकं ते केलं. १९४५ मध्ये एडमंड विल्सन या मोठ्या अमेरिकन समीक्षकाने 'रॉजर ॲक्रॉइडला कोणी मारलं याची फिकीर कोणाला' अशा, ॲगाथा क्रिस्टीच्या कादंबरीला टोमणा मारणाऱ्या मथळ्याचा लेख लिहून सगळ्या रहस्यकथेलाच झोडपलं, त्यात ॲलिंगहॅमच्या एका कॅम्पियन कादंबरीचाही निकाल लावला. मला त्याचा मथळा पटतो, निष्कर्ष नाही. कोणी मारलं याची फिकीर नसेलही, पण कोणाला उगाच धरलंय याची फिकीर तर हवी? या दीर्घकथा त्या प्रश्नाचं उत्तरच होत्या. पण मथळेवाले तोवर पुढे निघून गेले होते.

मधल्या लांबीचं दुर्दैव वेगळंच. कथा संग्रहात जाते, कादंबरी एकटी उभी राहते, दीर्घकथेला मात्र जोडीदार शोधावा लागतो. दोन एकत्र बांधायच्या आणि वर एखादं मोघम नाव द्यायचं. ॲगाथा क्रिस्टीच्या 'थ्री ब्लाइंड माइस'ची गत तर आणखी मजेशीर झाली. १९४७ मध्ये राजमाता मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बीबीसीने बाईंकडून अर्ध्या तासाचं नभोनाट्य मागवलं. पुन्हा फर्माईशच! त्याची दीर्घकथा झाली, तिचं १९५२ मध्ये 'द माउसट्रॅप' नाटक झालं, आणि लंडनच्या वेस्ट एंडमध्ये नाटक चालू असेपर्यंत ही गोष्ट ब्रिटनमध्ये पुस्तकात छापायची नाही अशी अट घातली गेली. करोनात काही महिने पडदा पडला, तेवढा सोडला तर नाटक थांबलेलंच नाही. अमेरिकेत ती १९५० पासून पुस्तकात आहे. लेकीच्या संसारासाठी आईने घराबाहेर पडायचं नाही, असा हा प्रकार. आणि त्या गोष्टीच्या मुळाशीही एक खरी भयंकर घटना आहे : १९४५ मध्ये श्रॉपशरमधल्या शेतावर सांभाळायला ठेवलेला डेनिस ओनील हा मुलगा तिथल्या छळाने मेला. राजवाड्याच्या वाढदिवसाची फर्माईश, आणि बाईंनी दिलं काय तर परक्या घरी सांभाळायला ठेवलेल्या मुलांच्या छळाची गोष्ट. डावा हात बघा काय काय उचलून आणतो.

आपल्याकडे मधल्या लांबीला घर होतं आणि अजूनही थोडंफार आहे, ते म्हणजे दिवाळी अंक. अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये 'हंस' सुरू केलं, पुढे 'नवल' आलं. संपादकाने मागितली नसती तर लिहिलीच गेली नसती अशा किती भयकथा, रहस्यकथा आपल्या मागच्या पिढीने फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचल्या. झुंजार आणि काळा पहाडवाले बाबूराव अर्नाळकर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून गेले. त्यांचं नाव निघालं की सभ्य माणसं आधी हसतात आणि मग लहानपणी आपण त्या कशा चोरून वाचायचो ते सांगतात. त्या हजारांतल्या बहुतेक बेतास बात असणार. पण दहा चांगल्या कुठल्या, हे सांगण्यासाठी हजार वाचावे लागतील, आणि हसणाऱ्यांपैकी कोणी ते करणार नाही.

फूटपाथवरचं ते पुस्तक मी नंतर पूर्ण केलं, मग बाकीच्या दोन गोष्टीही मिळवल्या. त्यातली 'वाँटेड: समवन इनोसंट' मराठीत आणावी असं मनात येतं आणि दरवेळी मी नावापाशीच अडतो. पैशाने तंग असलेली एक तरुण अनाथ मुलगी, जुन्या शाळासोबतिणीकडून अचानक चालून आलेली घरातली नोकरी, मग मृत्यू आणि आळ. नाव जाहिरातीसारखं आहे, छोट्या जाहिरातींच्या स्तंभात शोभेलसं : 'पाहिजे'. इथपर्यंत ठीक. पुढचा 'इनोसंट' कसा आणायचा? इंग्रजीत त्या एका शब्दात दोन मुली बसतात. एक गुन्हा न केलेली आणि एक जगाचे टक्केटोणपे न खाल्लेली. 'पाहिजे : निरपराध व्यक्ती' म्हटलं तर कोर्टाचा वास येतो आणि गोष्ट आधीच फुटते. 'पाहिजे : निष्पाप मुलगी' म्हटलं तर स्थळं बघायला निघाल्यासारखं वाटतं. 'पाहिजे : भोळी मुलगी' हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. जाहिरात देणारीला हवी आहे ती भोळीच. आणि पुढे न्यायाधीशासमोर उभं राहताना त्या पोरीला सिद्ध मात्र करावं लागणार आहे ते निरपराध असणं. एकाच शब्दावर तिला कामावर ठेवलं गेलं आणि त्याच शब्दासाठी तिला झगडावं लागलं. मराठीत ते दोन शब्द होतात. त्या दोघांच्या मधली फट मला अजून बुजवता आलेली नाही.